कावळा, फांदी आणि सेरेंडिपिटी

परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात, तिथल्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस खात उभे होतो, तेवढ्यात भाचीला शाळेतली मैत्रीण दिसली. चांगल्या दहा वर्षांनी. दोघी किंचाळल्या, हसल्या आणि मैत्रीण गर्दीत निघूनही गेली. "मामा, काय सेरेंडिपिटी ना!"

"नाही गं, हा नुसता योगायोग."

ती फुरंगटली. पण 'सेरेंडिपिटी' या शब्दाची तर जन्मतारीखसुद्धा ठाऊक आहे : २८ जानेवारी १७५४. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने मित्राला लिहिलेल्या पत्रात तो घडवला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची गोष्ट त्याच्या वाचनात आली होती. वाटेच्या डाव्या कडेचं गवत निकस, तरी तेवढंच खाल्लेलं. त्यावरून एक राजपुत्र ओळखतो की इथून गेलेलं खेचर उजव्या डोळ्याने आंधळं आहे. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका. आपल्या 'सिंहलद्वीप'चं परक्या तोंडी झालेलं रूप, तेव्हा शब्दाचं आजोळ इकडचंच!

वॉलपोलला दोन गोष्टी एकत्र हव्या होत्या : अपघात आणि चाणाक्षपणा. शिवाय सापडलेली गोष्ट शोधत नसलेली हवी. आपल्याकडे कावळा बसतो नि फांदी मोडते, बोलाफुलाला गाठ पडते. पण त्यात चाणाक्षपणाला कामच नाही.

खरा नमुना विल्यम पर्किनचा. १८५६ सालची ईस्टरची सुट्टी, वय १८, लंडनच्या घरातली प्रयोगशाळा. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून मलेरियावरचं क्विनीन बनवायचा त्याचा खटाटोप. त्यांपैकी ॲनिलीनवर प्रयोग केला, तर हाती आला काळा गाळ. दुसऱ्या कुणी तो मोरीत ओतला असता. अल्कोहोल घालताच याला जांभळा रंग दिसला. त्याने रेशीम बुडवून पाहिलं, रंग टिकला, आणि त्याच वर्षी पेटंटही घेतलं. गंमत म्हणजे त्याचं ॲनिलीन भेसळीचं होतं. त्यात टोल्युइडीन नावाचं दुसरं रसायन होतं, आणि त्यावाचून हा रंग तयारच होत नाही. माल शुद्ध असता तर काहीच हाती लागलं नसतं.

"मग आपलं इंदूर कंपोस्ट?" भाचीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. १९२४ साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले ते कापसाच्या संशोधनासाठी, आणि नाव झालं खतामुळे. यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी १९३१मध्ये 'इंदूर पद्धत' प्रसिद्ध केली : काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, अधूनमधून उलथापालथ, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. कापसाच्या चिवट पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरायच्या. गाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरडतात. मला ही युक्ती फार आवडते. पण जमिनीचा कस वाढवायचा ध्यास हॉवर्डना आधीपासून होता. जे शोधलं तेच सापडलं.

"म्हणजे पर्किन पास, हॉवर्ड नापास. आणि माझी मैत्रीण?"

"तिचा नंबर घेतलास?"

"अय्या, राहिलाच!" हातातला द्रोण माझ्याकडे देऊन ती गर्दीत घुसली.