गळती आणि अभिप्राय अर्ज : पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांची गळती आणि प्राध्यापकांचे मूल्यमापन हे विषय आता एकाच बैठकीत निघतात. दोन्हींचा उगम मात्र वेगळा. अमेरिकी विद्यापीठांत १९२०च्या दशकात अभिप्राय अर्ज, म्हणजे विद्यार्थ्यांनी शिक्षकाच्या शिकवण्याला गुण देण्याचे अर्ज, आले, ते शिक्षकाला आपले शिकवणे सुधारता यावे म्हणून. १९६०च्या दशकातील विद्यार्थी चळवळींमुळे त्यांचा प्रसार झाला आणि पुढे प्रशासनाने ते पदोन्नतीच्या फायलीत लावले. गळतीकडे पाहण्याची दृष्टीही तेव्हाच बदलली. विद्यार्थ्याचे टिकणे तो संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळतो यावर बरेच अवलंबून असते, अशी मांडणी १९७५ मध्ये झाली. बोट संस्थेकडे होते. भार पडला तो वर्गात उभ्या असलेल्या माणसावर.

मग पैसा आला. १९७९ पासून अमेरिकेतील एका राज्याने अनुदानाचा काही भाग कामगिरीशी जोडला. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये विद्यापीठांना सुवर्ण, रौप्य, कांस्य असे दर्जे मिळाले, तेव्हा विद्यार्थ्यांचे समाधान आणि त्यांचे टिकणे एकाच हिशेबात धरले गेले.

खरा वाद कॅनडात निकाली निघाला, निदान कागदावर. टोरांटोतील एका विद्यापीठात प्राध्यापक संघटना आणि व्यवस्थापन यांचे अर्जांवरून वर्षानुवर्षे वाजत होते. २०१८ मध्ये लवादाने सांगितले की पदोन्नती किंवा कायम नियुक्तीसाठी अध्यापनाची परिणामकारकता या अर्जांवरून मोजता येणार नाही. विद्यार्थी आपला अनुभव सांगू शकतात, परिणामकारकता नव्हे. शिवाय सरासरीला अर्थ नाही: निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५ गुण दिले काय, सगळ्यांनी ३ दिले काय, आकडा तोच. शिक्षकाचे लिंग, वंश, उच्चार यांचाही गुणांवर परिणाम होतो, हे लवादाने मान्य केले. त्याआधी १९८१ च्या एका आढाव्यात अर्जांतले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत बऱ्यापैकी संबंध दिसला होता. २०१७ च्या फेरतपासणीत तो जवळजवळ उरला नाही, कारण जुने निष्कर्ष बरेचसे लहान नमुन्यांवर उभे होते.

निर्णय बंधनकारक होता तो त्या एका विद्यापीठापुरताच. २०२० च्या साथीत अनेक ठिकाणी त्या सत्राचे अर्ज पदोन्नतीतून वगळले गेले, पण तात्पुरते. कंत्राटी शिक्षकांना तर कायम नियुक्तीची छाननीच लागू नसते. बऱ्याच ठिकाणी त्यांचे पुढचे सत्र आजही याच अर्जांवर ठरते.