स्टोमाजवळचा फुगवटा : दुखणं किती जुनं

मोठ्या आईच्या पोटावर स्टोमा आहे, म्हणजे शौचासाठी आतड्याचं तोंड पोटावर उघडून त्यावर पिशवी लावलेली. त्या ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं आणि पिशवीच्या अगदी बाजूला फुगवटा दिसू लागला. "गाठ पुन्हा आली वाटते बाप्पा," म्हणून दोन दिवस घरात चूल नीट पेटली नाही. पण ती आडवी झाली की फुगवटा बसायचा, खोकली की वर यायचा. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, हर्निया आहे.

हे दुखणं स्टोमासोबतच आलेलं आहे. गुदद्वारच नसलेल्या बाळाचं शवविच्छेदन पाहून अलेक्सी लित्र या फ्रेंच डॉक्टरांनी १७१० मध्ये आतडं पोटावर उघडण्याची कल्पना मांडली. १७९३ मध्ये द्युरे यांनी अशाच एका बाळावर ती यशस्वी केली. ते मूल पंचेचाळीस वर्षं जगलं. १९०८ मध्ये माइल्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन मांडलं आणि कायमचा स्टोमा असंख्य माणसांच्या वाट्याला आला. पण आतडं बाहेर काढायचं तर पोटाच्या स्नायूला भोक पाडावंच लागतं. वय, खोकला, कुंथणं, वजन यांनी ते सैल पडतं आणि आतलं आतडं त्यातून कातडीखाली सरकतं, हाच हर्निया. १९५८ मध्ये गोलिघर यांनी आतड्याची वाट बदलून पाहिली, १९८५ मध्ये शुगरबेकर यांनी जाळी बसवण्याची पद्धत मांडली. तरीही हर्निया आजही पुष्कळांना होतो.

आमच्याकडे त्यात कापसाची भर. वेचताना बाई कमरेला ओटी बांधते. ती भरत जाते तसा ओढा नेमका पोटावर येतो. "जड उचलू नका" हे दवाखान्यात सांगतात. ओटीही जडच असते, हे मोठ्या आईला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती उचलत थोडीच होती!

स्टोमाचं मापही बदलतं. सूज उतरते तसा तो पहिल्या सहा-आठ आठवड्यांत लहान होतो, हर्निया झाला की पुन्हा रुंदावतो. पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीला जुन्याच मापाचं भोक कापलं तर कातडी सोलवटते, उन्हाळ्यात घामानं जास्तच. कडेला बारीक लाल, चटकन रक्त येणारे दाणे येतात, तेही बहुधा साधेच. पण प्रत्येक नवी गाठ एकदा डॉक्टरांना दाखवावीच. फुगवटा कडक होऊन दुखू लागला, पिशवीत काही येईना, उलट्या झाल्या किंवा लाल स्टोमा काळपट पडला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मोठी आई आता पट्टा बांधते आणि ओटी पाव भरली की धुऱ्यावर रिकामी करते.