इशारादिव्यांचा स्विचबॉक्स घरी बनवताना

गाडीच्या छतावरचा पिवळा लाइटबार १२० वॉटचा असेल तर १२ व्होल्टवर तो १० अँपिअर ओढतो. बाजारातल्या छोट्या रॉकर स्विचवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असं छापलेलं दिसतं आणि पुष्कळ जण तिथेच फसतात. तो आकडा एसी विजेचा आहे. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी चटकन विझते. बॅटरीच्या डीसी प्रवाहात ती सोय नाही. त्यातच फिलामेंटचा दिवा थंड असताना पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट प्रवाह खेचू शकतो आणि एलईडी दिव्यातले कपॅसिटरही सुरुवातीला झटका देतात. या झटक्याने स्विचचे पॉइंट एकमेकांना चिकटले की स्विच बंद करूनही दिवा चालूच राहतो.

त्यामुळे जड प्रवाह डॅशबोर्डपर्यंत आणायचाच नाही. तो बॅटरीजवळच्या रिलेमधून, म्हणजे छोट्या प्रवाहाने चालणाऱ्या मोठ्या प्रवाहाच्या स्विचमधून, थेट दिव्याकडे जाऊ द्यावा आणि बॉक्समधल्या स्विचने फक्त रिलेची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) चालवावी. साध्या १२ व्होल्ट ऑटोमोटिव्ह रिलेची कॉइल सुमारे १५० मिलिअँपिअर घेते. लाइटबार, मागचे फ्लॅशर आणि वर्क लाइट अशा तीन सर्किटांचा हिशोब अर्ध्या अँपिअरच्या आत बसतो. बॉक्सला ०.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि २ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

रिलेच्या पायांवर नंबर असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची पॉझिटिव्ह, ८७ वरून दिव्याकडे जाणारी वायर, ८६ वर स्विचची वायर आणि ८५ वर अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह. पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए असतो. रिले बंद असताना तो ३० ला जोडलेला असतो, त्यामुळे चुकून दिवा तिथे लावला तर स्विच बंद असताना पेटतो आणि चालू केला की विझतो. कॉइलवर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा बसवा, पट्टीची बाजू ८६ कडे. कॉइल बंद होताना उसळणारा उलटा व्होल्टेज तो जिरवतो. हा डायोड नसला तर ती उसळी शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकते आणि त्याच लाइनवरच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देते. काही रिलेत डायोड आतच असतो. त्यात ८५ आणि ८६ उलटे जोडले की प्रवाह सरळ डायोडमधून जातो आणि फ्यूज उडतो.

आता बॉक्सवरचे इंडिकेटर. स्विचच्या पायावरून एलईडी पेटवली तर ‘स्विच दाबला आहे’ एवढंच कळतं; दिव्याचा फ्यूज उडालेला असला तरी ती तशीच पेटते. त्यापेक्षा ८७ वरून एक बारीक वायर बॉक्सपर्यंत परत आणावी. तिचा १ किलोओहमचा रेझिस्टर मात्र बॉक्समध्ये न घालता रिलेच्या टोकालाच लावावा. वाटेत ती वायर सोलली जाऊन बॉडीला टेकली तरी १४ व्होल्टवर तिच्यातून १४ मिलिअँपिअरच वाहतील. धूर निघणार नाही. एक पॉझिटिव्ह, तीन स्विचच्या, तीन इंडिकेटरच्या आणि एक अर्थ मिळून आठ कोअरची केबल होते. बल्कहेडमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, ती रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घालूनच काढा, पत्र्याची धार इन्शुलेशन कापते.

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. त्याच्या अलीकडची वायर शॉर्ट झाली तर तिला कोणीच अडवत नाही. १० अँपिअरच्या सर्किटला १५ अँपिअरचा, म्हणजे निळा ब्लेड फ्यूज लावा. फ्लॅशरचा हिशोब सरासरीवर करू नका, दिवा लखलखतो त्या क्षणाचा प्रवाह धरा. वायरीचं गणितही साधं आहे. १ स्क्वेअर एमएम तांब्याच्या एका मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम रोध असतो. बॅटरीपासून दिवा ५ मीटरवर, जाणारी-येणारी मिळून १० मीटर वायर आणि १० अँपिअर प्रवाह, तर १.७५ व्होल्ट वायरीतच जातात. २.५ स्क्वेअर एमएम घेतली की तोच तोटा ०.७ व्होल्टवर येतो.

जोडाला डाग देण्यापेक्षा चांगल्या हत्याराने क्रिंप केलेलं, म्हणजे दाबून बसवलेलं, थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) गाडीत जास्त टिकतं. शिसं वायरीच्या तारांमध्ये चढून तिला ताठ करतं आणि हादऱ्यांनी वायर नेमकी तिथेच तुटते. अर्थसाठी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर लावून बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा.

निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ या अर्थमध्येच सापडतं. फ्लॅशरचा पॅटर्न मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, रिले टकटक करतो, दोन दिवे एकमेकांच्या तालावर मंद होतात. अशा वेळी रोध मोजू नका. एका तारेवर लोंबकळणारा जोडही मल्टिमीटरला शून्य ओहमच दिसतो. दिवा चालू ठेवून व्होल्ट मोजा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा दिव्याच्या अर्थवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष त्याच वाटेवर आहे. पॉझिटिव्ह बाजूही तशीच तपासता येते.

इशारादिवे चावीवर ठेवू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. गाडी रस्त्यात बंद पडून चावी काढलेली असते, तेव्हाच त्यांची सर्वांत जास्त गरज असते. अर्थात ५ अँपिअरचा बार चार तास चालला तर २० अँपिअर-तास गेले, आणि ४५ अँपिअर-तासाची जुनी बॅटरी त्यानंतर स्टार्टर फिरवेलच असं नाही. १२ व्होल्टच्या आसपास तोडणारा लो-व्होल्टेज कटऑफ वर्क लाइटच्या सर्किटवर जरूर घाला, इशाऱ्याच्या सर्किटवर नको. दिव्यांचा रंग मात्र आपापल्या ठिकाणचा कायदा पाहूनच निवडा.

२४ व्होल्टच्या ट्रकसाठी २४ व्होल्ट कॉइलचे रिले आणि इंडिकेटरला २.२ किलोओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लागतो.

बॉक्स बंद करण्याआधी इंजिन चालू ठेवून सगळी सर्किटं अर्धा तास चालवा, मग ती बंद करून प्रत्येक फ्यूज आणि थिंबलजवळच्या वायरीला लगेच हात लावून बघा. शेजाऱ्यांपेक्षा जो जोड गरम लागेल, तो कापून नव्याने क्रिंप करा.