कवळीचे माप घेताना आम्ही ‘साठ, एकसष्ट’ का म्हणायला लावतो?

माप द्यायला आलात की मेणाचा ठोकळा तोंडात बसवून आम्ही तुम्हाला आवंढा गिळायला, जीभ टाळूला लावायला, आकडे मोजायला सांगतो. बऱ्याच जणांना हसू येते. पण मूळचे दात हाडात रुतलेले असतात, कवळी नुसती हिरडीवर टेकलेली असते. तिला जागेवर धरायचे की उचकटायचे, हे जबड्याचे, गालांचे आणि जिभेचे स्नायू ठरवतात.

जबडा आवळून गालावर, खालच्या जबड्याच्या कोपऱ्याशी बोटे ठेवा. टणक गोळा लागतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. दुसरा कानशिलावर जाणवतो. तिसरा जबड्याच्या आतल्या बाजूला आहे, तो बोटाला लागत नाही. पहिला आणि तिसरा मिळून जबड्याचा कोपरा झोळीत धरल्यासारखा पेलतात. हे तिन्ही तोंड मिटणारे. उघडायला कानाजवळचा एक आखूड स्नायू आणि हनुवटीखालचे काही स्नायू लागतात. तोंड थोडे उघडताना सांधा जागच्या जागी फिरतो; मोठी जांभई दिली की जबड्याचे टोक खोबणीतून पुढे सरकते. कानापुढे बोट ठेवलेत तर कळेल. तो आखूड स्नायू एकट्या उजवीकडचा ओढला गेला, की जबडा डावीकडे जातो. म्हणूनच भाकरी चावताना जबडा सरळ वरखाली न होता तिरका फिरतो.

खरी अडचण मापात येते. अनेक वर्षे दात नसले की जबडा पुढे काढून मिटायची सवय लागते. तसेच माप घेतले तर नंतर दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. जिभेचे टोक टाळूवर जमेल तितके मागे नेऊन तोंड मिटले, की जबडा आपोआप मागे येतो.

मग उंची. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट हवी. ‘म’ म्हणून थांबलात की ओठ मिटतात, दात टेकत नाहीत. तीच ही स्थिती. दात जास्त उंच झाले तर स्नायूंना विसावाच मिळत नाही, बोलताना खटखट होते, संध्याकाळी जबडा दुखतो. फार बुटके झाले तर गाल बसतात, ओठांचे कोपरे चिरतात. ‘साठ, एकसष्ट, बासष्ट’ म्हणताना ‘स’ला पुढचे दात अगदी जवळ येतात, पण लागता कामा नयेत. सांगताना आवाज नेहमीचा ठेवा, शाळेतल्यासारखा नको!

पूर्ण कवळीने चावण्याचा जोर मूळच्या दातांच्या साधारण पाव, कधी त्याहूनही कमी असतो. उसाचा हट्ट सोडा. पेरू किंवा कणीस पुढच्या दातांनी तोडू नका, मागून कवळी उचलते. लहान घास घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. खालची कवळी हलत असेल तर जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांमागे टेकवून ठेवायची सवय लावा. जीभ मागे ओढली की ती सुटते.

सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी आधी स्वतःची उभी तीन बोटे तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील तर बहुधा गालाचे आतले अस्तर ताठरलेले असते. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. अशा वेळी कवळी नंतर, आधी डॉक्टर.

नवी कवळी टोचली तर घरी कानशीने घासू नका. येण्याआधी काही तास ती घालून ठेवा. हिरडीवर लाल डाग उमटलेला असला की नेमके कुठे घासायचे ते आम्हाला दिसते.