गुणोत्तर आणि एकक दर: शालेय गणितातील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गुणोत्तर, प्रमाण आणि एकमान पद्धत (आधी एका नगाची किंवा एककाची किंमत काढून हिशेब करण्याची रीत) हे आज पाठ्यक्रमात एकापाठोपाठ एक येणारे घटक असले, तरी त्यांचा उगम एक नाही. व्यवहारातील हिशेब दराच्या आधारे करण्याची रीत फार जुनी आहे. इ.स.पूर्व 1550 च्या सुमारास नकललेल्या एका इजिप्शियन पपायरसवर पावांच्या अदलाबदलीची उदाहरणे आहेत. त्यांत धान्याच्या एका मापातून किती पाव निघतात या संख्येवरून पावाची प्रत ठरते. मापाला 10 निघणारे 100 पाव देऊन मापाला 15 निघणारे किती घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर 150 येते, कारण दोन्हींत धान्य 10 मापेच असते. प्राचीन चीनमधील गणितग्रंथात धान्यांच्या विनिमयासाठी असाच नियम आढळतो. भारतात इ.स. 499 च्या एका खगोलग्रंथात त्रैराशिकाचा, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढण्याचा, नियम एका श्लोकात बसवलेला आहे: फळाला (माहीत मोबदल्याला) इच्छेने (ज्याचा मोबदला हवा त्या राशीने) गुणावे आणि प्रमाणाने (ज्याचा मोबदला माहीत आहे त्या राशीने) भागावे.

ग्रीक परंपरेने मात्र वेगळी वाट धरली, आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच आला असे म्हणावे लागते. इ.स.पूर्व 300 च्या सुमाराच्या भूमितिग्रंथात गुणोत्तर म्हणजे एकाच जातीच्या दोन राशींमधील आकारमानाचा संबंध, अशी व्याख्या आहे. त्यानुसार लांबीचे लांबीशी आणि काळाचे काळाशी गुणोत्तर घेता येते, पण अंतराला काळाने भागण्याला अर्थच उरत नाही. या बंधनाची पकड किती घट्ट होती हे 1638 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गतिविषयक ग्रंथावरून दिसते. एकसमान गतीने कापलेली दोन अंतरे एकमेकांशी ज्या गुणोत्तरात असतात त्याच गुणोत्तरात त्यांना लागलेले काळ असतात, असे प्रमेय त्यात सिद्ध केले आहे. ‘वेग म्हणजे अंतर भागिले काळ’ हे आज सातवीतला विद्यार्थी सहज लिहितो ते वाक्य मात्र तिथे नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस गुणोत्तर आणि भागाकार या दोहोंसाठी एकच विसर्गचिन्ह वापरण्याची रीत पुढे आली, तेव्हा गुणोत्तर हीदेखील एक संख्याच आहे ही कल्पना रुळू लागली. तरीही प्रमाण दाखवणारी चार टिंबे, जी 1631 च्या एका पुस्तकापासून प्रचारात आली होती, शालेय पुस्तकांत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली.

समान जातीच्या अटीचा प्रश्न भारतीय ग्रंथकारांनी अधिक व्यवहारी पद्धतीने सोडवलेला दिसतो. इ.स. 1150 च्या एका प्रसिद्ध अंकगणितग्रंथात प्रमाण आणि इच्छा या समान जातीच्या राशी पहिल्या व शेवटच्या स्थानी आणि फळ ही भिन्न जातीची राशी मध्ये मांडण्यास सांगितले आहे. मांडणीत जात पाळायची, क्रियेत मात्र ती बाजूला ठेवायची, असा हा तोडगा आहे. 6 मीटर तारेचे वजन 250 ग्रॅम असेल तर 9 मीटर तारेचे किती, हे उदाहरण त्रैराशिकाने सोडवताना 250 ला 9 ने गुणून 2250 मिळतात आणि 6 ने भागून 375 ग्रॅम हे उत्तर येते. मधल्या 2250 ला व्यवहारात काहीच अर्थ नसतो. भागाकार शेवटी ठेवल्याने अपूर्णांक टळतात, हा हाताने हिशेब करणाऱ्यासाठी मोठाच फायदा होता.

हीच निरर्थक मधली पायरी पुढे टीकेचा विषय झाली. त्रैराशिक अरबी ग्रंथांमधून युरोपात पोहोचले आणि व्यापारी शिक्षणाचा कळस मानले गेले. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या एका गृहस्थाने 1859 मध्ये आपले शिक्षण वाचणे, लिहिणे आणि त्रैराशिकापर्यंतचा हिशेब एवढेच असल्याचे लिहून ठेवले आहे. परंतु याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नियम पाठ करून घेण्याऐवजी एका नगाची किंवा एका एककाची किंमत आधी काढावी, असा आग्रह इंग्रजी अंकगणिताच्या पुस्तकांत बळावला. वरच्या उदाहरणात 1 मीटर तारेचे वजन आधी काढले तर 41 पूर्णांक 2/3 ग्रॅम मिळतात. आकडा गैरसोयीचा आहे, पण प्रत्येक पायरीचा अर्थ सांगता येतो, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने या दुसऱ्या गोष्टीचे वजन अधिक धरायला हवे. अर्थात एकमान पद्धतही पुढे ठरावीक तीन ओळींचा साचा बनली, हे नाकारता येत नाही.

1970 च्या दशकातील संशोधनाने वादाचे स्वरूप बदलले. एका गाजलेल्या प्रश्नात बुटक्या माणसाच्या चित्राची उंची 4 बटणे आणि उंच माणसाच्या चित्राची 6 बटणे होती. बुटका माणूस कागदाच्या पिनांनी मोजला असता 6 पिना भरला, तर उंच माणूस किती पिना भरेल, असे विचारले गेले. उत्तर 9 आहे, पण अनेक मुलांनी 8 सांगितले, कारण त्यांनी पटीऐवजी 2 चा फरक पाहिला. चूक आकडेमोडीची नव्हती. कोणता संबंध कायम राहतो हेच त्यांना दिसलेले नव्हते. तिरकस गुणाकाराची युक्ती (दोन समान अपूर्णांकांत एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणणे) शिकवून ही उणीव झाकली जाते, भरून निघत नाही. उलट दिशेची चूकही नोंदवली गेली: एक सदरा वाळायला दोन तास लागतात तर एकाच वेळी वाळत घातलेल्या तीन सदऱ्यांना किती, या प्रश्नाला ‘सहा’ असे उत्तर देणारे विद्यार्थी प्रमाण नसलेल्या ठिकाणीही प्रमाण लावतात.

2010 मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या शालेय निकषांनी जुन्या अटीबाबत स्पष्ट भूमिका घेतली. अ : ब या गुणोत्तराशी अ/ब हा एकक दर, म्हणजे दुसऱ्या राशीच्या एका एककामागे पहिली किती, जोडावा, असे सहावीच्या टप्प्यावर सांगताना दोन्ही राशी एकाच जातीच्या असण्याची अट त्यांनी घातली नाही. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र गुणोत्तर समान जातीच्या, समान एककांतील राशींचे आणि म्हणून एककरहित, हीच मांडणी रूढ आहे. भिन्न जातीच्या राशींसाठी दर हा शब्द वेगळा राखला जातो. या मांडणीने व्याख्या नीटस राहते, पण 6 मीटर आणि 250 ग्रॅम या एकाच जोडीतून प्रति मीटर ग्रॅम आणि प्रति ग्रॅम मीटर असे दोन एकक दर निघतात व विचारलेल्या प्रश्नानुसार त्यांतला एक निवडायचा असतो, ही बाब गुणोत्तराच्या प्रकरणात येतच नाही आणि एकमान पद्धतीच्या प्रकरणात गृहीत धरली जाते.