जप्त मालट्रकांचा लिलाव

जप्त मालट्रकांचा लिलाव : हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थेने ताब्यात घेतलेले किंवा बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेत निघालेले ट्रक, ट्रेलर, टिपर आणि मालवाहतुकीची इतर साधने बोली लावून विकण्याची पद्धत. वाहतूकदारांच्या तोंडी ही ‘ओढलेली गाडी’ किंवा ‘यार्डातली गाडी’ (यार्ड म्हणजे ओढलेल्या गाड्या उभ्या करण्याचे आवार). या बाजारात तीन प्रकारचे लोक भेटतात : स्वतः धंदा चालवणारा एक-दोन गाड्यांचा मालक, गाड्या फिरवून विकणारा दलाल आणि गाडी तोडून इंजिन-गिअरबॉक्स वेगळे विकणारा सुट्या भागांचा व्यापारी. तिघेही एकाच गाडीभोवती फिरतात, पण पहिल्याला ती उद्या रस्त्यावर हवी असते, आणि तिघांत कागदांवाचून अडते ते त्याचेच.

गाडी यार्डात कशी येते

भारतात बहुतेक ट्रक कर्जावर घेतले जातात आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, वित्तसंस्थेचा बोजा (कर्जाची नोंद) चढवलेला असतो. डिझेल, टोल, चालकाचा पगार, टायर हे सगळे रोखीने जाते. भाड्याचे बिल मात्र महिना-दोन महिन्यांनी निघते. हप्ता अडकतो तो इथे. धंद्यालाच ओहोटी लागली की यार्डे भरतात. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ट्रकांची भारमर्यादा वाढवली, म्हणजे तितक्याच गाड्यांत जास्त माल बसू लागला. सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या समूहाने देणी थकवली आणि बिगरबँक वित्तसंस्थांकडचा पैसा आटला. पुढचे वर्ष ट्रकमालकांना जड गेले यात नवल नव्हते.

गाडी ओढण्याचा अधिकार मुख्यतः कर्जाच्या करारातून येतो. मात्र नोटीस किती दिवसांची, ताबा कसा घ्यायचा, विक्रीपूर्वी कर्जदाराला शेवटची संधी कशी द्यायची, हे करारातच लिहिलेले असावे, असे रिझर्व्ह बँकेचे वित्तसंस्थांना बंधन आहे. वसुलीसाठी दांडगाई करणाऱ्यांना पाठवण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये कडक ताशेरे ओढले. तरी महामार्गावर भरलेली गाडी अडवण्याचे प्रकार थांबलेले नाहीत.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, ती सहकाराची. पतसंस्था किंवा नागरी बँकेचे कर्ज थकले की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो. मग कलम 156 आणि नियम 107 नुसार वसुली अधिकारी वाहन जप्त करून जाहीर लिलाव करतो. त्याची नोटीस स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत येते.

संपूर्ण कंपनीच बुडाली तर 2016 ची दिवाळखोरी संहिता लागू होते. अवसायक (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) मालमत्तेची यादी करून राखीव, म्हणजे किमान, किंमत ठरवतो आणि ई-लिलाव पुकारतो. अनामत रक्कम राखीव किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. बोली जिंकणाऱ्याने उरलेले पैसे 90 दिवसांत भरायचे असतात, पण 30 दिवस उलटले की 12 टक्के व्याज सुरू होते. कंपनी बुडवणाऱ्या प्रवर्तकांना तीच मालमत्ता लिलावात परत घेण्यास संहितेच्या कलम 29अ ने मनाई आहे.

बोली

सरकारी खात्यांची वाहने बव्हंशी एमएसटीसी या सार्वजनिक कंपनीच्या संकेतस्थळावर विकली जातात. ती 1964 मध्ये भंगाराच्या व्यापारासाठी स्थापन झाली. वित्तसंस्थांच्या गाड्या श्रीराम ऑटोमॉलसारख्या लिलावगृहांकडे जातात. तिथे यार्डात उभे राहूनही बोली लावता येते आणि मोबाइलवरूनही.

सगळीकडे अट एकच : ‘जशी आहे, जिथे आहे’. विकल्यावर तक्रार ऐकली जात नाही. नवखा मात्र दुसऱ्याच अटीत फसतो. अनेक लिलावांत सर्वोच्च बोली ‘मान्यतेच्या अधीन’ असते, म्हणजे हातोडा पडला तरी वित्तसंस्था भाव कमी वाटल्यास नाही म्हणू शकते. तिचे उत्तर येईपर्यंत अनामत अडकते आणि दुसऱ्या गाडीवर हात मारता येत नाही. उलट बोली मंजूर झाली आणि मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत जप्त. मुदतीत गाडी उचलली नाही तर रोजचे पार्किंग भाडे चढते, ते निराळेच.

छोट्या लिलावांत व्यापारी ‘रिंग’ करतात : आपसात ठरवून एकच जण बोली लावतो आणि नंतर नफा वाटून घेतला जातो. ऑनलाइन लिलावाने हे अवघड झाले, संपले नाही.

गाडी पाहणे

पाहणीसाठी मिळतात एक-दोन दिवस, आणि गाडी बहुधा सुरूच होत नाही. बॅटरी उतरलेली असते किंवा चोरीला गेलेली असते. जाणते खरेदीदार म्हणून स्वतःची बॅटरी आणि मेस्त्री घेऊन जातात. इंजिन चालू झाले तर मेस्त्री पहिल्यांदा ऑइलचे झाकण काढून त्यावर तळहात धरतो. तिथून धूर दाबाने बाहेर येत असेल तर ‘बॅक कम्प्रेशन’ आहे, म्हणजे पिस्टन-रिंगा गेल्या आणि इंजिन उघडावे लागणार. मग तो रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, ते पाहतो. त्यानंतर गाडीखाली शिरून चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) दोन्ही लांब पट्ट्यांवरून बोटे फिरवतो. ताजा रंग, वेल्डिंगची रेघ, आतून मारलेली जोडपट्टी यांतले काहीही हाताला लागले तर गाडी जास्त भाराने वाकलेली किंवा उलटलेली असण्याची शक्यता मोठी. टिपरमध्ये हौदा उचलणारा जॅक आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) हीच मोठी खर्चाची ठिकाणे.

दहा चाकी गाडीचे टायर हा स्वतंत्र हिशेब आहे. नव्या रेडियल टायरला वीस हजारांच्या वर मोजावे लागतात. ओढून आणतानाच चांगले टायर उतरवून घासलेले चढवल्याचे पुष्कळदा दिसते, म्हणून ताबा घेतानाच्या यादीशी टायरचे क्रमांक ताडून पाहावेत. स्टेपनी, जॅक, ताडपत्री आणि इंजिनाचा संगणक यांचेही तेच. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर धूर स्वच्छ करणारी युरियाची यंत्रणा खडे धरून चोंदते, आणि ती दुरुस्ती जुन्या गाड्यांवर वाढलेल्या मेस्त्रीच्या हातची नसते.

कागद

इंजिन एकवेळ बांधून मिळते. कागद अडला तर गाडी दारात उभी राहून गंजते. वित्तसंस्थेने ओढलेल्या गाडीची मूळ आरसी बहुधा जुन्या मालकाकडे राहिलेली असते आणि तो ती सुखासुखी देत नाही. यासाठी मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 51 मध्ये सोय आहे. वित्तसंस्था नमुना 36 मध्ये अर्ज करते, आरटीओ मालकाला म्हणणे मांडायची संधी देते आणि मग वित्तसंस्थेच्या नावाने नवी आरसी काढते. त्यानंतर नमुना 29 आणि 30 वर खरेदीदाराचे नाव चढते आणि नमुना 35 ने बोजा उतरतो. सरकारी लिलावातल्या गाडीसाठी नमुना 32 आहे. त्याचा अर्ज ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचा असतो. वित्तसंस्थेने आपल्या नावाने आरसी काढली आहे की ‘नंतर काढून देऊ’ म्हणते आहे, हा प्रश्न बोलीच्या आधी विचारायचा. माझ्या मते गाडीच्या किमतीत सर्वांत मोठा फरक या उत्तराने पडायला हवा. प्रत्यक्षात लोक टायर पाहून भाव ठरवतात.

थकलेला वाहनकर, ई-चलने आणि संपलेले फिटनेस प्रमाणपत्र यांचा भार बहुतेक लिलावांत अटींनुसारच खरेदीदारावर येतो. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे फिटनेस दोन वर्षांचे असते, पुढे दरवर्षी काढावे लागते. नॅशनल परमिट (देशभर माल वाहण्याचा परवाना) साध्या, दोन-अ‍ॅक्सल ट्रकला 12 आणि मल्टिअ‍ॅक्सलला 15 वर्षांपलीकडे मिळत नाही. म्हणून अकरा वर्षांच्या दोन-अ‍ॅक्सल गाडीचा भाव एकदम पडलेला दिसतो. तालुक्यातल्या तालुक्यात वाळू-विटा ओढणाऱ्याला ती चालते, कोलकात्याचा माल भरणाऱ्याला नाही.

चासी क्रमांक पॉलिश पेपरने घासून, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात आणि सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीशी जुळवतात. ही औपचारिकता नव्हे. एप्रिल 2017 पासून बीएस-3 वाहनांची विक्री बंद झाल्यावर भंगार म्हणून घेतलेले असे ट्रक नागालँडमध्ये बीएस-4 म्हणून नोंदवल्याचा आरोप असलेले प्रकरण 2020 मध्ये आंध्र प्रदेशात गाजले. त्यातली गाडी हातोहात पुढे गेली तर शेवटच्या मालकाने करायचे काय?

हिशेब

समजा, गाडी 9 लाखांना सुटली. टायर आणि बॅटरीला सव्वादोन लाख, इंजिनकामाला दीड, थकलेला कर, विमा आणि फिटनेस मिळून एक, लिलावगृहाचे शुल्क आणि यार्डाचे भाडे वेगळे. शिवाय दोन-अडीच महिने गाडी उभी. सरळ मालकाकडून 13 लाखांना मिळणारी चालू गाडी मग महाग वाटत नाही. जीएसटी बोलीत धरला आहे की वरून लागणार, तेही आधी वाचावे. जुन्या वाहनांवर हा कर साधारणपणे नफ्याच्या रकमेवर असतो. नोंदणी नसलेल्या कर्जदाराकडून ओढलेल्या गाडीची ‘खरेदी किंमत’ नियमाने ठरते : कर्जदाराने मोजलेल्या किमतीतून दर तिमाहीला 5 टक्के वजा.

इतर साधने

फोर्कलिफ्ट, रॅक, पॅलेट, वजनकाटे हा माल बंद पडलेल्या गोदामांतून येतो आणि त्यात आरटीओची कटकट सहसा नसते, त्यामुळे नवख्याने इथून सुरुवात केलेली बरी. घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा इंजिनवाला भाग) आणि ट्रेलर यांचे कागद वेगवेगळे असू शकतात. एक मिळाला म्हणून दुसरा मिळाला असे होत नाही.

एकाच वेळी फार मोठा ताफा विकायला निघाला की लिलाव करणाऱ्यालाच भाव पडण्याची धास्ती असते. अमेरिकेतली यलो ही 1924 पासूनची मालवाहतूक कंपनी जुलै 2023 अखेर बंद पडली आणि ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे सुमारे 12,000 घोडे आणि त्याहून कितीतरी जास्त ट्रेलर बाजारात एकदम न ओतता टप्प्याटप्प्याने विकायला काढले गेले.

विक्रीनंतर

लिलावात आलेली रक्कम कर्जाच्या येण्यापेक्षा कमी पडली तर उरलेली बाकी जुन्या मालकाच्या डोक्यावर राहते, आणि गाडी गेल्यावरही त्याला वसुलीचे फोन येत राहतात. रक्कम जास्त आली तर वरचे पैसे त्याला परत मिळायला हवेत. त्यासाठी लिलावाचा हिशेब लेखी मागावा लागतो, आणि तो मागणारे थोडे असतात.