अल्काझार की अल्काझाबा?

स्पेनच्या सहलीचा कार्यक्रम हातात पडला की इथे हमखास गफलत होते. सेव्हिलला अल्काझार, मालागाला अल्काझाबा, ग्रानाडाला पुन्हा अल्काझाबा. छपाईची चूक वाटावी एवढाच फरक. पण मुळात हे दोन वेगळे अरबी शब्द आहेत आणि त्यातला एक आपल्या चांगलाच ओळखीचा आहे.

अल्काझार म्हणजे अल्-कस्र, राजवाडा. गंमत अशी की कस्र जन्माने अरबी नाहीच. रोमन सैन्याच्या तळाला लॅटिनमध्ये 'कास्त्रुम' म्हणत. तो शब्द ग्रीकमार्गे अरबीत शिरला आणि छावणीचा वाडा झाला. इजिप्तमधलं लक्सर म्हणजे अल्-उक्सुर, याच कस्रचं अनेकवचन. मोरोक्कोत 'अल्-कस्र अल्-कबीर' म्हणजे थोरला वाडा नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ 1578 साली पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन लढाईत पडला. त्याला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे गेला, आणि त्याबरोबर गोवाही, 1640 पर्यंत.

आता अल्काझाबा. हा अल्-कसबा. होय, पुण्याच्या कसबा पेठेतला आणि कोल्हापूरच्या कसबा बावड्यातलाच. अरबीत कसबा म्हणजे मुलखातलं मुख्य गाव. मोरोक्को, अल्जीरिया, स्पेनकडे मात्र तटबंदीचा बालेकिल्ला. आपल्याकडे फारसीचं बोट धरून तो पहिल्या अर्थाने आला, परगण्यातलं बाजाराचं गाव म्हणून. तट तिकडेच राहिला.

दोन्हींतला फरक पायांना कळावा असं ठिकाण म्हणजे ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा. टेकडीच्या पश्चिम टोकाला अल्काझाबा: जाड भिंती, बुरूज, आणि आत शिपायांच्या घरांची नुसती जोती, मधून माणूस जेमतेम जाईल अशा गल्ल्या. कसबा शब्द तिथे आपोआप पटतो. तिथून थोडं पुढे राजांचे महाल: बारा सिंहांचं कारंजं, छताला मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. लढाईचं इथे काही नाही. (महालांच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकवू नका.)

म्हणजे अल्काझार राहायला, अल्काझाबा लढायला? ढोबळपणे हो. पण सेगोव्हियाचा अल्काझार बघितला की हा नियम डळमळतो. कड्याच्या टोकावर जहाजाच्या नाळेसारखा उभा, बघणारा त्याला किल्लाच म्हणेल.

राहता राहिला प्रश्न, कस्र मराठीत का रुळला नाही? आपण राजवाड्यासाठी दुसरा अरबी शब्द उचलला, महाल. अरबीत त्याचा अर्थ नुसता 'जागा'. आजही कैरोत 'महल्ल' कुठे आहे विचारलंत, तर लोक दुकान दाखवतील.